चौथी डबी

मंडळी, एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला कुणी यायला नको. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. "तसा नाही ठेवत, पण..." असला 'पण' माझ्याकडे नाही. सासरी माझ्या नव्या स्कूटीला लिंबू-मिरची बांधली होती. मी त्याच दिवशी ती सोडली, मिरच्या फोडणीत टाकल्या आणि लिंबाचं सरबत करून प्याले. सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. बरंच झालं, शांतता मिळाली.

तर मी जे सांगणार आहे ते मला 'दिसलं' वगैरे नाही. मला काहीच दिसलं नाही. दिसलं दुसरीला, आणि मी तिला वेड्यात काढलं... पुढं वाचा म्हणजे कळेल.

मी आरोग्य खात्यात कंत्राटी कामाला आहे. टीबीचं काम बघते. सासर काटेवाडी, ड्यूटी इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या आसपास. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण लोक 'सिस्टर' म्हणतात. काही जण मागं 'बेडक्याच्या बाई' म्हणतात. म्हणू देत! लोकांचा बेडका कुणीतरी गोळा करायलाच पाहिजे, आणि मी ते काम नाक न मुरडता करते.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडं बीड-पाथर्डीकडून टोळ्या येतात. कालव्याच्या चारीच्या कडेला, रिकाम्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबू, उसाचं पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद, झालं घर. ह्या कोप्यांच्या वस्तीला तळ म्हणतात. एका कोपीत अख्खं कुटुंब. चूल आत, धूर आत, लेकरं आत आणि आजारी माणूसही आतच. टीबीला आणखी काय हवं? बरं, औषध सुरू केलं आणि मध्येच टोळीनं गाव बदललं, की माणूस गेला. मागच्या हंगामात माझा एक पेशंट असाच अर्ध्या औषधावर निघून गेला. नंतर किती फोन लावले, फोन बंद. तो वाचला की नाही, मला आजही माहीत नाही. तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, ह्यापुढं एकही माणूस असा हातातून जाऊ द्यायचा नाही.

ज्या तळावर हे घडलं तो निमगाव केतकीच्या अलीकडं, चारीला लागून होता. जमीन तात्यांची. तात्या म्हणजे तिथले मोठे बागायतदार, ऊस आहे, डाळिंब आहे, गोठा आहे. माणूस वाईट नाही. तळावरून परत येताना मी त्यांच्या ओसरीवर टेकायचे, तात्यांच्या सूनबाई चहा द्यायच्या, त्यांचा छोटा नातू माझ्या मांडीवर येऊन बसायचा. सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं.

तळावर माझी पेशंट होती शालन. पोरगी अगदी कोवळी, कडेवर एक लेक. हंगामाच्या सुरुवातीला आली तेव्हा नुसती हाडं उरली होती. टीबी निघाला, गोळ्या सुरू केल्या. ह्या गोळ्यांनी लघवी लाल होते, ते मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवशी तिनं "रगत चाललंय, कुणीतरी करणी केली" म्हणून गोळ्या चारीत फेकल्या. मी तिथंच उभी राहून तिला असं फैलावर घेतलं की उसाच्या फडातली माणसं कोयते थांबवून बघायला लागली. पण त्यानंतर तिनं एक दिवस चुकवला नाही. अंग धरायला लागली. हसायला लागली. मला तिच्याकडं बघितलं की माझ्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटायचं.

शालनची सासू भामाआजी. म्हातारी तोडीला जात नव्हती. सगळे अंधारातच फडात गेले की मागं लेकरं, शेळ्या आणि चुली सांभाळायची. तोंडानं फटकळ, माझ्यासारखीच. त्यामुळं आमचं पटायचं आणि रोज भांडणही व्हायचं.

आता डब्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्या डबीवरूनच झालं.

खोकला असलेल्या माणसाला मी आदल्या दिवशी झाकणाची प्लास्टिकची डबी देते. देतानाच डबीवर मार्करनं नाव टाकते. सकाळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्यानं चूळ भरून, छातीतून खोकून बेडका त्यात काढायचा. पण तळावरच्या बायांची एक खोड आहे. डोळे उघडले की पहिल्यांदा मिसरी. चहा नंतर, देव नंतर, आधी तंबाखूची काळी पूड दातांवर घासायची. गडी माणसांची तंबाखूची गोळी गालात. "मिसरी लावायच्या आधी खोका गं बायांनो," म्हणून मी घसा फोडून सांगते, आणि सकाळी डबीत बघावं तर काळे कण! लॅबमधला सागर माझ्यावर ओरडतो, "मॅडम, हा बेडका आहे का दंतमंजन?"

त्या आठवड्यात तळावर तिघं खोकत होते. दोन बाया आणि एक गडी. मी तीन डब्या दिल्या. नावं टाकून दिल्या. रिवाजाप्रमाणे सकाळी सगळ्यांनी आपली डबी कापडी पिशवीत टाकायची आणि भामाआजीनं ती पिशवी कोपीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, अडकवून ठेवायची, शेळ्या-कुत्र्यांपासून लांब.

दुसऱ्या दिवशी माझी स्कूटी गॅरेजला होती. आदल्या संध्याकाळीच सोडली होती. मी काटेवाडीहून एसटीनं निघाले, लासुर्ण्यात गाडी अर्धा तास रखडली, आणि उन्हं चांगली वर आल्यावर तळावर पोचले. भामाआजीनं पिशवी दिली. उघडली. आत चार डब्या.

तिन्हींवर नावं. चौथीवर काहीच नाही.

"आजी, ही कुणाची?"

आजी लेकराच्या डोक्यातल्या उवा बघत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझीच की."

"माझी म्हणजे? मी दिलेली, एवढंच ना? पण थुंकलंय कोण?"

"तूच की बाई. सकाळच्या पारी आलीस, तितं बांधावर बसून खोकलीस, डबी माझ्या हातात दिलीस. आता मलाच कामून इचारती?"

मी हसले. म्हटलं, "आजी, सकाळच्या पारी मी काटेवाडीत भाकऱ्या थापत होते. माझी गाडीपण नाही आज."

"आसंल," आजी म्हणाली. "पर आलीस."

मी विषय सोडून दिला. म्हातारीला मोतीबिंदू असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. अंधार, धुकं, तोंडाला फडकं बांधलेली कुणीतरी बाई. शेजारच्या तळावरची असेल, आपल्या लोकांना कळू नये म्हणून गुपचूप येऊन डबी टाकून गेली असेल. असं होतं. टीबी म्हटलं की नवरा टाकतो, मुकादम कामावरून काढतो. माणसं लपवतात. आणि मला लपवणाऱ्यांचीच जास्त काळजी वाटते.

एक गोष्ट मात्र मला खटकली. बाकी तीन डब्यांत नेहमीसारखे मिसरी-तंबाखूचे काळे कण. चौथी स्वच्छ. अगदी जशी मी सांगते तशी. अख्ख्या तळावर माझं असं ऐकणारं होतं कोण?

लॅबमध्ये सागर चौथी डबी घ्यायलाच तयार नव्हता. "नाव नाही मॅडम. बिननावाचं सॅम्पल चालत नाही, टाकून द्यावं लागतं."

मी म्हटलं, "ही टाकून दिलीस आणि ह्यात टीबी निघणार असला तर? ती बाई कुठंतरी पोराला पाजत बसली असेल. टाकू?"

"नियम आहे."

"मग नियमाला सांग, माझ्याशी बोल म्हणावं."

तो वैतागला, पण त्यानं ती मशीनला लावली. पोरगं चांगलं आहे.

तिघंही निगेटिव्ह आले. चौथी पॉझिटिव्ह.

आता आली का पंचाईत! टीबी आहे, पण माणूस नाही. मी दुसऱ्याच दिवशी तळावर जाऊन ठाण मांडलं. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं, त्यांनी एक्स-रेची गाडी पाठवली. तळावरच्या झाडून सगळ्या माणसांना मी डब्या दिल्या. खोकला असो नसो. ज्या पोरी मिसरी लावत नाहीत त्यांना मी वेगळं घेऊन विचारलं, गोड बोलून, रागावून, शपथा घालून. शेजारच्या दोन तळांवरही जाऊन आले. सगळ्यांच्या छातीचे फोटो, सगळ्यांच्या डब्या. सगळे निगेटिव्ह. शालन सोडून कुणाला काही नाही, आणि शालनचा बेडकाही औषधानं साफ झालेला.

पण एक्स-रेची गाडी गावात आली की गावाला डोळे फुटतात. दुपारपर्यंत निमगावात झालं, तात्यांच्या रानात टीबीची साथ आली.

तात्यांनी मला ओसरीवर बोलावलं. गावातली चार माणसं आधीच बसलेली. चहा आला नाही.

"सिस्टर, खरं काय त्ये सांगा. कुणाला हाय?"

"एकीला आहे, तिचं औषध चालू आहे, तिच्यापासून आता कुणाला धोका नाही. आणि एक सॅम्पल पॉझिटिव्ह आलंय, त्याचा माणूस सापडला नाही."

"मंजी कोन हाय त्येच ठावं न्हाय?"

"शोधतेय."

"मग सगळेच धरायचे," शेजारी बसलेला एक जण म्हणाला. "ह्ये लोक भाईरून रोग घिऊन येत्यात. आमी लेकराबाळाचं हाय."

"त्यांना पण लेकरंबाळं आहेत," मी म्हटलं. "आकाशातून नाही पडली ती."

तात्यांनी हात वर केला. "सिस्टर, माझा कुनावर राग न्हाय. पर घरात ल्हान पोर हाय. रविवारच्या आत तळ हलवायला सांगतो मुकादमाला. तिकडं सोलापूरच्या अंगाला जाऊ द्या, तितं बी फड हायेत."

 तळ हलला की शालन गेली. नव्या गावात तिला कोण गोळ्या देणार? कोण तिच्याशी भांडणार? अर्ध्यावर औषध सुटलं की हा रोग नुसता परत येत नाही, माजून येतो. साध्या गोळ्यांना जुमानत नाही. मागच्या वर्षीचा तो बंद फोन माझ्या कानात वाजायला लागला. मी तात्यांना समजावलं, हात जोडले, आवाज चढवला. मुकादम बाजूला उभा राहून जमिनीकडं बघत होता. त्याला काय, फड मिळाल्याशी कारण.

तात्या एवढंच म्हणाले, "माणूस दावा. त्यो एकटा दवाखान्यात न्या, बाकीचे ऱ्हाऊ द्या. न्हायतर तळ हालंल."

म्हणजे शालनचं सगळं त्या चौथ्या डबीच्या मालकिणीवर येऊन थांबलं.

तिथून मी तणतणत तळावर गेले. भामाआजी कोपीसमोर वाकळ शिवत बसली होती. मी म्हटलं, "आजी, आता शेवटचं विचारते. त्या दिवशी सकाळी कोण आलं होतं? तू लपवतेस. नाव सांग, मी तिला काही होऊ देत नाही. नाहीतर तुझ्या सुनेचं औषध बुडतंय, कळतंय का तुला?"

आजीनं सुई थांबवली. "किती येळा सांगू? तू आलीस."

"आजी, तुला दिसत नाही नीट!"

"मला दिसत न्हाय?" म्हातारी उसळलीच. "बीडाला डोळ्याचं आप्रेशन करून आलेय मी. ह्यो दोरा कुणी ओवला? तुझ्या आज्ज्यानं?" तिनं सुई माझ्या तोंडासमोर धरली. "तुझी ती निळी ओढणी हुती. तोंडाला ते पांढरं. कपाळाला टिकली. तू बांधावर बसलीस आन् आशी खोकलीस की मला वाटलं, ही बाई आता आतडं टाकती. आमचं सगळ्यांचं थुका गोळा करती, आमच्या लेकरांचं छातीचं फोटू काढती. तुझं कुणी बघितलं का?"

"मला काही झालेलं नाही."

"मग खोकती कामून?"

खोकत होते मी, खरंय. पण इथं कोण खोकत नाही? पाचट पेटवलं की अख्ख्या तालुक्यात काजळी उडते, चारीच्या रस्त्याची धूळ, मास्कमध्ये दिवसभर श्वास... ॲलर्जी म्हणायचे मी. वजन कमी झालं होतं, ते धावपळीनं, म्हणायचे. हे सगळं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याच पावली हातात डबी दिली असती. पण मी तेव्हा हा विचार केला नाही. मला फक्त राग आला. त्या म्हातारीचं तोंड बंद करायचं होतं, बस्स.

मी पिशवीतून डबी काढली. मार्करनं तिच्यावर माझं नाव टाकलं, मोठ्या अक्षरात. म्हटलं, "बघ आता. तुझ्या समोर थुंकते. उद्या निगेटिव्ह आल्यावर तुला गाढवावर बसवून निमगावच्या बाजारातनं फिरवते का नाही बघ!" आणि बांधावर बसून छातीतून खोकले. तळावरची लेकरं गोल करून बघत होती. शालन फडातून पाण्याला आली होती, ती हंडा डोक्यावर घेऊन तशीच थांबली. झाकण लावलं, आजीला वाकुल्या दाखवल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सागरचा फोन आला. नेहमी तो "मॅडम, रिझल्ट घ्या" म्हणून सुरू करतो. त्या दिवशी म्हणाला, "ताई, कुठं आहात? जरा बसा."

मी लासुर्ण्याच्या स्टँडवर होते. बसले. रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हा, की म्हातारी आता मला सोडणार नाही.

सागरला मी विचारलं, "आधीची ती बिननावाची आणि ही, एकाच माणसाची आहे का?"

"हे आपलं मशीन सांगत नाही ताई. टीबी आहे का नाही, एवढंच सांगतं."

बरं, आता तुमच्या डोक्यात येणारं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलंय. मी झोपेत चालत गेले? काटेवाडीहून निमगावपर्यंत? गाडीशिवाय? मी विसरून आधीच थुंकले होते आणि डबी पिशवीत राहिली? मी डबीवर नाव टाकल्याशिवाय डबीला हात लावत नाही, आणि पिशवी रात्रभर माझ्याकडं नव्हतीच. सागरकडं सॅम्पल बदललं? मग चौथी डबी आली कुठून, हा प्रश्न राहतोच. कुणीतरी माझ्यासारखी दिसणारी? सापडली नाही. तिन्ही तळ पालथे घातले. माझ्या नवऱ्याला विचारा, त्या पहाटे आमचं गॅस सिलेंडरवरून जोरात वाजलं होतं. शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलंय. मी घरात होते. आणि मी बांधावर होते. दोन्हीपैकी एक खोटं असायला पाहिजे ना? मला ते कुठलं, हे आजतागायत सापडलेलं नाही.

पण त्या दिवशी मला ह्या कोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला माणूस सापडला होता! तात्यांनी माणूस मागितला होता ना? चला.

एन-९५ नाकावर घट्ट बसवला आणि सरळ तात्यांच्या वाटेला लागले. ओसरीवर तीच चार माणसं होती. मी पायरी चढले नाही. अंगणात लांब उभी राहिले.

"तात्या, माणूस सापडला."

"कोन?"

"मी."

कुणाला काही कळलंच नाही आधी. मग मी पुन्हा सांगितलं, सावकाश. टीबी मला आहे. तळावरच्या लोकांना नाही.

 सूनबाई दारात होत्या, त्यांनी नातवाला एकदम कडेवर उचललं. त्या उचलण्याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही.  तात्या म्हणाले, "सिस्टर... तुमी तर हितं बसत हुता. च्या पीत हुता. ह्ये पोर तुमच्या मांडीवर..."

"व्हय," मी म्हटलं. "तळावर बसले तेवढीच तुमच्या ओसरीवर बसले. आता काय हलवायचं ते सांगा. तळ हलवायचा असेल तर तात्या, आधी घर हलवा."

 

तो कालचा "भाईरून रोग घिऊन येत्यात" म्हणणारा उठायला लागला. मी म्हटलं, "बसा भाऊ. मी बाहेरची नाही. काटेवाडीची सून आहे, माहेर बारामती. आता माझ्यासाठी कुठलं गाव शोधताय? मला टीबी आहे. मी चोरी केलेली नाही, कुणाचं घर फोडलेलं नाही, मान खाली घालणार नाही. औषध खाईन आणि बरी होईन. तुमच्या सगळ्यांची तपासणी करू, पोराला लागलं तर प्रतिबंधाचं औषध देऊ. आणि ती शालन इथंच राहणार, तिच्या गोळ्या संपेपर्यंत राहणार. ज्याला भीती वाटते त्यानं भीतीचं औषध खावं, ते आमच्या खात्यात मिळत नाही."

बोलता बोलता मला खोकला आला. तिथंच, सगळ्यांसमोर. मास्कवर हात धरून मी वाकले आणि खोकत राहिले.  पण मागं सरले नाही.

 तात्या सूनबाईंना म्हणाले, "खुर्ची द्या त्यास्नी. हितंच, अंगणात." आणि मुकादमाला हाक मारून म्हणाले, "तळ ऱ्हाऊ द्या हाय तितं."

तात्यांच्या घरात कुणाला काही निघालं नाही. नातवाला प्रतिबंधाचं औषध दिलं. मला पगारी रजा मिळत नाही, कंत्राटी आहे ना. पण डॉक्टर मॅडम माझ्यासाठी वरती भांडल्या आणि माझं काम दुसऱ्या एका मुलीनं ओढलं. मला हा रोग शालनकडून लागला, आणखी कुणाकडून, की माझ्या अंगात आधीपासूनच होता, ते कुणीच सांगू शकत नाही. आणि त्याचा हिशेब कुणी मांडू पण नये. सासूबाईंनी एकदा अंगारा आणला होता. मी हातात पाण्याचा ग्लास आणि गोळ्या धरून त्यांच्याकडं नुसतं बघितलं. अंगारा परत गेला.

घरात पडून असताना तळावरची बातमी यायची. कुणीतरी उठवलं की त्या बांधावर बाई दिसते, म्हणून तिथं कुणी हळद-कुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं. मी फोनवरून त्या नव्या मुलीला सांगितलं, लिंबू उचल आणि टाकून दे. तिथं काही बाई-बिई नाही. तिथं मी बसले होते, आणि मी जिवंत आहे.

हंगाम संपत आला तेव्हा मी तळावर गेले. अंगावर थोडं मांस आलं होतं, बेडका साफ झाला होता. कोप्या उसवून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरणं चाललं होतं. शालनचं पुढचं औषध तिच्या गावच्या दवाखान्यात लावून दिलं होतं, तिथल्या सिस्टरशी मी स्वतः बोलले होते. शालन माझ्या गळ्यात पडली. तिच्या लेकीनं माझी ओढणी ओढली. एवढ्यासाठीच तर सगळं केलं.

भामाआजी चुलीचे दगड उचलत होती. मला बघून म्हणाली, "गाढव आणलं का?"

मी खूप हसले. मग तिच्याजवळ बसले आणि जे इतके दिवस विचारायची हिंमत झाली नव्हती ते विचारलं. "आजी, त्या दिवशी मी... ती आली, डबी दिली. काही बोलली का?"

आजीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या आवाजातलं ते नेहमीचं भांडण गेलं होतं.

"बोललीस की. म्हनलीस, आजी, एवढी माझी बी टाक पिशवीत. मी समद्यांना इचारत फिरते, मला कुणी इचारत न्हाय."

मंडळी, मी तात्यांच्या अंगणात रडले नव्हते. सागरच्या फोनवर रडले नव्हते. तिथं मात्र त्या उसवलेल्या कोपीसमोर मी हमसून हमसून रडले. कारण हे वाक्य मी कधीच कुणाला बोलले नव्हते. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही. पण ते माझंच होतं. शब्द न् शब्द माझा होता.

तुम्ही म्हणाल म्हातारीनं बनवून सांगितलं. सांगितलंही असेल. मी म्हणते मग चौथी डबी? तुम्ही काहीतरी सुचवाल, मी ते आधीच तपासून बघितलेलं असेल. मला उत्तर मिळालेलं नाही. आणि ज्यांच्याकडं लिंबू-अंगाऱ्याचं उत्तर आहे त्यांनी ते आपल्या घरी ठेवावं, ही हात जोडून विनंती.

आजी ट्रॉलीत चढली. मी खाली उभी. ट्रॅक्टर हलला तेव्हा ती वरून ओरडली, "बाई, गोळी खाल्लीस का आजची?"

आणि मी ओरडून सांगितलं, "खाल्ली!"